दीर्घ ऊ

२०१५ सालची दिवाळी होऊन आठवडा उलटला असेल. गळीत हंगाम नुकता सुरू झाला होता. सकाळी साडेसातला अण्णांचा फोन आला तेव्हा मी मुलीचा डबा भरत होतो आणि खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवत होते. “साहेब, एक सांगायचं हुतं. ‘ऊस नोंद’ असं नाव देऊन फाइल उतरवली की मोडकीच उतरतीया. नावच न्हाई तिला. तेच ‘उसाची नोंद’ लिवलं की येतीया बघा. चार डाव करून बघितलं.” फोन खांद्याशी दाबून धरत मी म्हणालो, “मग ‘उसाची’च लिहा ना अण्णा. काय फरक पडतोय?” ते क्षणभर थांबले. “बरं साहेब,” म्हणाले आणि फोन ठेवला. डबा गेला, रिक्षा गेली, दिवसही गेला. ते ‘काय फरक पडतोय’ मात्र माझ्यापाशी राहिलं. पावसाळी हवेत जुना मुरगळलेला पाय ठणकावा तसं ते अजून अधूनमधून वर येतं.

अण्णा एका सहकारी साखर कारखान्याच्या गट ऑफिसात लेखनिक होते. कारखान्याच्या शेती विभागासाठी आम्ही तिघांनी मिळून एक छोटी यंत्रणा बांधून दिली होती. कुणाचा ऊस किती आडसाली, किती सुरू हंगामातला, किती खोडवा म्हणजे तोडल्यावर पुन्हा फुटलेला, तोडणीचा कार्यक्रम, वाहतुकीचा हिशेब, सगळं त्यात. त्यातून निघणाऱ्या याद्या पीडीएफ म्हणून उतरवता यायच्या आणि फाइलला काय नाव द्यायचं ते उतरवणाऱ्याने ठरवायचं, तेही मराठीत. या मराठीचा मला फार अभिमान होता. काम सोपवायच्या आधी मी दोन दिवस त्या गट ऑफिसात जाऊन बसलो होतो. पत्र्याचं छप्पर, भिंतीला चुना, दारातून आत येणारा मळीचा आंबूस वास आणि रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या ओढत गाणी वाजवत जाणारे ट्रॅक्टर. टेबलावर संगणक होता, पण अण्णांचा खरा जीव शेजारच्या जाड बांधणीच्या रजिस्टरात होता. दिवसाची शेवटची नोंद झाली की ते लाल शाईने खालच्या मोकळ्या रकान्यांतून एक तिरकी रेघ ओढायचे आणि रेघेवर सही करायचे. रक्कम लिहिली की तिच्यापुढे आडवी दांडी, आणि अक्षरी रकमेनंतर ‘मात्र’. मी कौतुकाने बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. “मोकळी जागा ठिवली की कुणीतरी यिऊन बसतंय साहेब. आणि मग ते आपल्याच अक्षरात बसल्यागत दिसतंय,” ते म्हणाले होते. मला ते वाक्य आवडलं. वहीत लिहूनही घेतलं. त्याचा माझ्या कामाशी काही संबंध असेल हे मात्र डोक्यात आलं नाही.

खरं तर नावांचा घोळ आधीपासूनच होता. ‘तोडणी’ असं नाव दिलेली फाइल उतरताना ‘डॉलर, के, उद्गारचिन्ह, हॅश, ॲट’ अशा पाच चिन्हांची होऊन यायची. आमच्याकडे तपासताना आम्ही रोमन नावं द्यायचो, म्हणून आम्हाला ते दिसलं नव्हतं, आणि गट ऑफिसातली माणसं तक्रार न करता एकेका फाइलचं नाव हाताने बदलून घेत होती. कळलं तेव्हा मी ते ‘सवडीने करायच्या’ यादीत टाकलं. मराठी अक्षरांचं संगणकावर असं काहीतरी होतंच, ही आपल्या पिढीच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. चौकोन दिसणार, वेलांट्या पळणार, जोडाक्षरं फुटणार. अण्णांचा फोन मी त्याच खात्यात जमा केला.

फेब्रुवारी २०१६मध्ये एका रात्री मी नोडच्या, म्हणजे सर्व्हरवरचे प्रोग्राम चालवणाऱ्या एका प्रणालीच्या, नव्या आवृत्त्यांबरोबर आलेली सुरक्षा सूचना वाचत बसलो होतो. आमची यंत्रणा नोडवरच चालायची. सूचना हेडरमधून, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराच्या माथ्यावरच्या ओळींमधून, होणाऱ्या घुसखोरीबद्दल होती. हेडरच्या मजकुरात ओळ तोडणारी खूण आली तर ती काढून टाकायची, अशी तपासणी नोडमध्ये आधीपासून होती. पण काही अक्षरं अशी निघाली की ती तपासणीतून बिनबोभाट पुढे जात आणि बाहेर पडताना त्यांचीच ओळ तोडणारी खूण होत असे. उदाहरणार्थ दोन युरोपीय अक्षरं, सीवर उलटी टोपी असलेलं एक आणि सीवर टिंब असलेलं दुसरं. त्यांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले आकडे, २६९ आणि २६६. नोड हेडर पाठवताना प्रत्येक अक्षराला एकच बाइट द्यायचा, आणि एका बाइटमध्ये २५५पर्यंतचाच आकडा मावतो. त्यावरचं सगळं कापलं जायचं. २६९मधून २५६ गेले, उरले १३. २६६मधून २५६ गेले, उरले १०. तेरा आणि दहा या ओळ संपल्याच्या खुणा.

मी देवनागरीचा तक्ता उघडला. आपली मुळाक्षरं २३०४पासून सुरू होणाऱ्या खणात बसवली आहेत, आणि २३०४ म्हणजे बरोबर नऊ वेळा २५६. तेव्हा त्यानंतर जे उरतं तेच बाहेर पडणार. अ, आ, इ, ई, उ. बोट खाली सरकत गेलं. ऊ : २३१४.

रात्रीचा पंखा फिरत होता आणि मला अण्णांचा आवाज ऐकू येत होता. चार डाव करून बघितलं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांना जे पाठवतात ते पत्रासारखंच असतं. वरती हेडर, म्हणजे एका ओळीत एक बाब. हा मजकूर कुठल्या प्रकारचा, ही फाइल कुठल्या नावाने साठवायची, ही कुकी जपून ठेवा, इथे न थांबता त्या पत्त्यावर जा. मग एक कोरी ओळ, आणि त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर. हेडरमध्ये जे लिहिलंय ते सर्व्हरच बोलतोय असं ब्राउझर धरून चालतो. त्याला दुसरा इलाज नाही. आणि आमची यंत्रणा वापरायची त्या जुन्या पद्धतीत एक बाब कुठे संपली, दुसरी कुठे सुरू झाली हे त्याला कळतं ते फक्त त्या दोन न दिसणाऱ्या खुणांवरून. शिष्टाचाराने तेरा आणि दहा दोन्ही लागतात, पण बहुतेक ठिकाणी नुसत्या दहालाही ओळ संपली असंच मानलं जातं. म्हणजे ज्याला ओळ संपवता येते त्याला पुढची ओळ सुरू करता येते. आणि ती पुढची ओळ सर्व्हरच्या तोंडची ठरते.

या खुणा दोन का, हे मला टायपिंगच्या क्लासमुळे माहीत होतं. दहावीच्या सुट्टीत मी इंग्रजी तीसला जायचो. खोलीभर वीस मशिनं एकदम चालायची. शाईच्या फितीचा आणि मशिनच्या तेलाचा वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहायचा. ओळ संपत आली की घंटी टिंग करायची, मग डाव्या हाताने लिव्हर ढकलायची. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची. रोलर दात भरून फिरायचा, म्हणजे कागद एक ओळ वर जायचा, आणि सगळा गाडा सरकत मूळ जागी यायचा. टेलिप्रिंटरला हात नव्हता, त्यामुळे तारेवरून दोन वेगवेगळ्या आज्ञा पाठवाव्या लागायच्या. गाडा मागे न्या, कागद वर सरकवा. १९६३ सालचा टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचा, आणि गाड्याला परत यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागायचा. दुसऱ्या आज्ञेमुळे तेवढी उसंत मिळायची. गाडा गेला, फीत गेली, घंटी गेली, आज्ञा राहिल्या. जगातली कितीतरी पानं आजही त्या लिव्हरच्या आठवणीवर उघडतात, याचं मला एरवी फार अप्रूप वाटतं. त्या रात्री वाटलं नाही.

त्या शनिवारी मी साताऱ्याला आईकडे गेलो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम तिला तोंडपाठ, आणि अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ, सामान्यरूपात तो ऱ्हस्व, हा तिचा खास लाडका. फूल पण फुलाला. मूल पण मुलाला. ऊस पण उसाला. तिच्या लाल पेनाने माझे अर्धे-अर्धे गुण याच नियमावर कापलेत. स्वयंपाकघरात ती ओला हरभरा सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, आणि दिनदर्शिकेच्या गेल्या महिन्याच्या पानाच्या पाठीवर आकडे लिहून दिले. तिने हात पदराला पुसले, पेन्सिल घेतली आणि भागाकार मांडला, शाळेत फळ्यावर मांडायची तसा. “२३१४ भागिले २५६. नवाचा भाग गेला. बाकी दहा. दहा म्हणजे?” मी म्हणालो, “ओळ संपली.” “आणि ऱ्हस्व उ?” “२३१३.” “बाकी नऊ. नऊ म्हणजे काय?” “टॅब. नुसती मोकळी जागा, त्याने ओळ तुटत नाही.” तिने दोन्ही बाक्यांभोवती गोल केले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. “म्हणजे ऊस म्हटलं की तुटतं, उसाची म्हटलं की नाही. त्या माणसाने तुला बरोबर बोट ठेवून दाखवलं होतं.”

“हो.”

“आणि तू त्यालाच शब्द बदलायला सांगितलास.”

ती पुन्हा हरभरा सोलायला लागली. कुकरची शिट्टी झाली तशी मान वर न करता तिने विचारलं, “त्यांना फोन केलास का?” केला नव्हता. केलेलं एवढंच होतं की ज्या रात्री कळलं त्याच रात्री नवी आवृत्ती चढवली होती. ती चढवल्याबरोबर नोडने सगळ्याच मराठी नावांना सरळ नकार द्यायला सुरुवात केली. हेडरमध्ये चालणार नाही असं अक्षर आहे म्हणून चूक फेकायचा आणि फाइल उतरायचीच नाही. मग पहाटेपर्यंत बसून नावं टक्क्याच्या चिन्हांत बांधून पाठवायची व्यवस्था केली. त्यात ऊचे तीन बाइट होतात आणि प्रत्येकापुढे टक्क्याचं चिन्ह बसतं, म्हणजे ओळ तोडायला तो मोकळा राहत नाही. ब्राउझर त्यांतून पुन्हा अख्खा ऊ जुळवतो. हा मार्ग काही तेव्हा नवीन नव्हता. मी तो पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता.

मला जे बोचत होतं ते वेगळंच होतं. त्या फाइलचं नाव मी लिंकमधूनच घेत होतो. म्हणजे ज्याला कुणाला आमच्या पत्त्याची लिंक बनवता येत होती, त्याला नावाच्या जागी एक ऊ लिहून पुढे हवी ती ओळ लिहिता आली असती. स्वतःच्या पसंतीची कुकी ठेवता आली असती. दोन ऊ लागोपाठ दिले की हेडर संपून कोरी ओळ पडली असती, आणि त्याखाली सबंध पान त्याचं. समजा, अशी लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, “ऊसबिल जमा करण्यासाठी बँक खातं पुन्हा नोंदवा” म्हणून. पत्ता तपासायला गेलं तर कारखान्याचा. अगदी खरा. पत्ता नीट बघा, मगच उघडा, हे आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना किती वेळा बजावतो. इथे बजावल्याप्रमाणे वागणारा माणूसच फसला असता. मी हंगामभराच्या नोंदी दोनदा चाळल्या. तसं कुणी काही केलेलं नव्हतं. अण्णांचे चार प्रयत्न तेवढे होते. सकाळी सात वाजून दहा मिनिटं, बारा मिनिटं, पंधरा, एकोणीस.

आणि मी काही नवशिका नव्हतो. २००५मध्ये, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, एका मंगल कार्यालयासाठी मी चौकशीचा फॉर्म बनवला होता. नाव, ई-मेल, लग्नाची तारीख. ई-मेलच्या रकान्यात येईल ते मी जसंच्या तसं पत्राच्या हेडरमध्ये लिहायचो. त्या वर्षी असे फॉर्म शोधत फिरणारे प्रोग्राम जगभर मोकाट होते. कुणीतरी त्या रकान्यात पत्ता लिहून ओळ तोडली, पुढे बीसीसी लिहिलं आणि शेकडो पत्ते. तीन दिवस त्या कार्यालयाच्या नावाने औषधांच्या जाहिराती गेल्या. मालक मला रागावले नाहीत. “आमच्या नावानं कशी गेली हो?” एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि त्यांना समजेल असं उत्तर मला देता येईना. नंतर मी झपाटल्यासारखं वाचलं. याच हल्ल्याच्या वेबपानांवरच्या रूपाबद्दल सुरक्षा संशोधक अमित क्लाइन यांनी २००४मध्येच सविस्तर लिहून ठेवलं होतं. जानेवारी २००६मध्ये पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेने स्वतःच एका वेळी एकापेक्षा जास्त हेडर पाठवायला बंदी केली. तेव्हा मला वाटलं की हे आता मिटलं, पुढच्या पोरांना हे भोगावं लागणार नाही. नोडमध्येही तशी तपासणी आहे हे वाचून मी निर्धास्त होतो. पण ती तपासणी २३१४ हा आकडा बघायची आणि सोडून द्यायची. त्याचा दहा व्हायचा तो दारातून बाहेर पडताना. झडती आधी आणि वेश बदलणं नंतर, असा तो प्रकार. मी दुसऱ्याने घेतलेल्या झडतीवर विसंबून राहिलो, आणि बाहेर काय पडतंय ते पाहिलं नाही. अण्णांनी पाहिलं.

परतताना एसटीत खिडकीशी बसून मला आपला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द सुचला. शिक्का डोक्यावर, मोर्तब शेवटी. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारी मुद्रा असते, आणि मजकूर जिथे संपतो तिथे लगेच छोटी मोर्तब, ‘मर्यादेयं विराजते’. ही इथवरची मर्यादा. शाळेच्या सहलीत मी तसा एक कागद काचेआड पाहिला होता, तेव्हा सगळी पोरं वरच्या मुद्रेवर नाक टेकून उभी होती, मीही. खालच्या त्या लहानशा ठशाकडे कुणी बघितलं नाही. पत्र कुणाचं हे वरची मुद्रा सांगते. पण त्या पत्रात दुसऱ्या कुणाची ओळ घुसू नये याची राखण खालचा ठसा करतो. कुठल्याशा दप्तरखान्यात गुडघ्यावर कागद घेऊन बसलेल्या माणसाला जे कळत होतं आणि गट ऑफिसातल्या लाल रेघेला जे कळत होतं, ते मी पगार घेऊन करत होतो आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

सोमवारी अण्णांना फोन केला. पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज होता, ते बाहेर रस्त्याकडेला आले असावेत. मी म्हणालो, “अण्णा, दिवाळीनंतर तुम्ही ऊसाच्या फाइलचं सांगितलं होतं, आठवतंय?” दीर्घ ऊच बोललो, आईने कान धरला असता. त्यांना आठवत होतं. मी जमेल तेवढं समजावलं. तुम्ही जे पाहिलं ते नावाचं मोडणं नव्हतं, आमच्या कागदावर मोकळी ओळ राहिली होती, त्यात कुणीही येऊन लिहून गेलं असतं, आणि ते आमच्याच अक्षरात दिसलं असतं. पलीकडे काही वेळ नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मग ते म्हणाले, “म्हंजी रेघ मारायची ऱ्हायली हुती.”

“हो अण्णा. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही.”

“असू दे. आता दीर्घ लिवलं तर चालतंय?”

“चालतंय.”

अण्णा निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या जागी आलेला मुलगा चटपटीत आहे, काही अडलं की स्क्रीनचा फोटो काढून लगेच पाठवतो, आणि मी तो बघितल्याशिवाय दुसरं काम हातात घेत नाही. गेल्या महिन्यात त्याने एका जुन्या हिशेबासाठी सगळा फोल्डर पाठवला. हंगामामागून हंगाम फाइली लावलेल्या. उसाची नोंद २०१६-१७, उसाची नोंद २०१७-१८, तशाच खाली २०२४-२५पर्यंत. त्याला विचारलं तर म्हणाला, आधीच्यांनी असंच नाव दिलेलं, मी तेच पुढं चालवतो. सरकवत सरकवत तळाशी गेलो. तिथे ‘ऊस नोंद’ या नावाची एकच फाइल आहे. आमच्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळी सात वाजून अकरा मिनिटांची. उघडली तर आत एकाच शेतकऱ्याची एकच नोंद, खोडवा, वीस गुंठे.